नाव घ्यायला मनाई

'मोबी-डिक' कादंबरीतल्या जहाजाचं नाव 'पीक्वॉड'. हर्मन मेलव्हिलने 1851 मध्ये ती प्रसिद्ध केली, तेव्हा निवेदकाच्या तोंडून वाचकांना हेही सांगून टाकलं की हे नाव एका इंडियन जमातीचं आहे आणि ती जमात केव्हाच नामशेष झाली. मेलव्हिल स्वतः तरुणपणी न्यू बेडफर्डच्या बंदरातून व्हेलच्या शिकारीला निघाला होता. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, कनेक्टिकटमधल्या मॅशनटकेटच्या रानात, कादंबरी छापली जात होती त्याच काळात त्याच पीक्वॉट जमातीची माणसं टोपल्या विणत आणि मजुरी करत राहत होती. एवढा मोठा लेखक इथे फसला. पण त्याला दोष तरी किती द्यायचा? त्याच्या 213 वर्षं आधी या जमातीचं नावच तहाने पुसून टाकलं होतं.

या सगळ्याची सुरुवात एका शिंपल्यापासून करावी लागते. क्वाहॉग हा आपल्या तिसऱ्यांचा थोराड, जाड कवचाचा भाऊबंद. आतून पांढराशुभ्र आणि कडेला एक जांभळा डाग. तेवढाच डाग कापून घ्यायचा, दगडावर घासून त्याची बारीक नळी करायची आणि दोन्ही टोकांकडून टोचत टोचत आरपार भोक पाडायचं. लांबी जेमतेम पाव इंच. हात जरा चुकला की मणी दुभंगलाच. पांढरे मणी शंखांपासून निघत; जांभळ्यांना त्यांच्या दुप्पट भाव. या मण्यांच्या माळा आणि पट्टे म्हणजे वॅम्पम. तह पक्का करताना तो द्यायचा, दुखवट्यात द्यायचा, महत्त्वाच्या निरोपासोबत पाठवायचा. मापाला वाव. आपले कोळी दोन्ही हात पसरून दोर मोजतात, तीच. पाव इंचाचा एकेक मणी धरला तर एका वावेत पावणेतीनशेच्या वर मणी बसतात.

1622 मध्ये एका डच व्यापाऱ्याने कनेक्टिकट नदीच्या परिसरातल्या एका सरदाराला आपल्या जहाजावर ओलीस धरलं आणि सुटकेसाठी 140 वावा वॅम्पम वसूल केला. म्हणजे चाळीस हजार मणी! डचांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या मण्यांच्या बदल्यात आतल्या मुलखातून बीव्हरची कातडी मिळत होती आणि बीव्हरच्या केसांच्या टोप्यांवर युरोप लट्टू होता. किनाऱ्यावरच्या मणीकारांवर वचक होता पीक्वॉटांचा. आपल्याकडे 'फुटकी कवडी' हा शब्द उरला, कारण कवडी एकेकाळी खरोखरच बाजारात चालायची. तिथे 1637 मध्ये खुद्द इंग्रजांच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने किरकोळ रकमांसाठी वॅम्पमला कायदेशीर चलन ठरवलं.

नेमक्या त्याच साली पीक्वॉटांचा निकाल लागला.

त्यांचा प्रमुख होता सॅसकस. वारसा मिळाला तो असा: बाप टॅटोबेम डचांच्या हाती सापडला, पीक्वॉटांनी खंडणीचा वॅम्पम भरला आणि बदल्यात परत आलं ते त्याचं प्रेत. त्याच सुमाराला देवीची साथ आली आणि गावंच्या गावं ओस पडली. घराण्याचा जावई अंकस फुटला आणि आपली मोहिगन जमात घेऊन इंग्रजांना मिळाला. पूर्वेचे नॅरागॅन्सेट जुने वैरी. त्यात दोन इंग्रज व्यापाऱ्यांच्या खुनांचं निमित्त झालं. दुसरा खून ब्लॉक बेटापाशी झाला होता आणि त्यात पीक्वॉटांचा हात नव्हता, पण तेवढा विचार करायला कोणाला सवड होती?

26 मे 1637 च्या पहाटे जॉन मेसनच्या हाताखालच्या ऐंशीएक इंग्रजांनी मिस्टिक नदीजवळच्या कुंपणबंद गावात शिरून आग लावली. बाहेर निसटू पाहणाऱ्यांना गोळ्या किंवा तलवारी. चारशे ते सातशे माणसं तासाभरात गेली. त्यांत बायका, मुलं आणि म्हातारेच जास्त. इंग्रजांचे मेले दोन. जिवंत सापडले सात आणि निसटले सातेक, ही नोंद खुद्द मेसनची. सोबत आलेल्या नॅरागॅन्सेट योद्ध्यांनाही हे पाहवलं नाही; ही लढायची रीत फार माणसं मारते, अशी तक्रार त्यांनी केली. सॅसकस तेव्हा काही मैलांवरच्या दुसऱ्या किल्ल्यात होता. तो पश्चिमेकडे पळाला आणि आसऱ्यासाठी मोहॉक जमातीकडे गेला. त्यांनी त्याला मारून त्याच्या डोक्याची केसांसकट कातडी इंग्रजांकडे पाठवून दिली.

मग 21 सप्टेंबर 1638 चा हार्टफर्डचा तह. उरलेले पीक्वॉट मोहिगन आणि नॅरागॅन्सेट यांच्यात वाटून दिले. कित्येकांना आधीच गुलाम करून इंग्रजांच्या घरी जुंपलं होतं, काहींना कॅरिबियन बेटांवर विकलं होतं. यापुढे कोणी स्वतःला पीक्वॉट म्हणवायचं नाही, हेही तहात आलं. वर दरसाल खंडणी: प्रत्येक पुरुषामागे एक वाव वॅम्पम, तरुणामागे अर्धी वाव, लहान मुलग्यामागे हातभर. ज्या मण्यांनी वैभव दिलं, तेच आता डोई मोजून द्यायचे होते. पुढे पीक्वॉट नदीचं नाव टेम्स झालं आणि तिच्या मुखाशी वसलेलं गाव न्यू लंडन म्हणवू लागलं.

खरा विस्मय मला इथून पुढे वाटतो. तहाच्याच सुमाराला इंग्रजांच्या कागदांत एक नाव डोकावतं: रॉबिन कॅसासिनामन. पीक्वॉटच, पण अंकसच्या पदरी असलेला. काही वर्षांनी तो दिसतो जॉन विन्थ्रॉप धाकटे यांच्या जवळ. हे विन्थ्रॉप म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांचे चिरंजीव, वैद्य आणि किमयागारही. 1646 मध्ये त्यांनी नामेआग इथे वसाहत मांडली. त्यांना वाटाड्या हवा होता, शिकारी हवे होते, माणसं हवी होती. कॅसासिनामनकडे माणसं होती आणि त्या माणसांना अंकसच्या जाचातून सुटायचं होतं. अंकसने चिडून नामेआगवर हल्लाही केला, पण सोय विन्थ्रॉप आणि कॅसासिनामन या दोघांचीही होती, म्हणून ती टिकली. किल्ला नाही, फौज नाही, जमातीला नावसुद्धा नाही. होता तो अर्ज-विनंत्यांचा चिवटपणा. 1655 मध्ये वसाहतींच्या आयुक्तांनी पश्चिमेकडच्या पीक्वॉटांवर त्याला रीतसर गव्हर्नर नेमलं. 1666 मध्ये मॅशनटकेटची जमीन त्यांच्यासाठी राखून ठेवली गेली.

याची किंमतही त्याने मोजली. 1675 मध्ये मेटाकॉम या इंडियन प्रमुखाचं इंग्रजांशी युद्ध पेटलं तेव्हा कॅसासिनामनची माणसं इंग्रजांच्या बाजूने लढली. त्या डिसेंबरात र्‍होड आयलंडच्या दलदलीतला नॅरागॅन्सेटांचा किल्ला आत माणसं असताना पेटवला गेला, तेव्हा हल्लेखोरांत पीक्वॉटही होते. मिस्टिकला अजून चाळीस वर्षंही झाली नव्हती. कॅसासिनामनला धूर्त म्हणा, लाचार म्हणा. मी त्याला सॅसकसहून मोठा पुढारी मानतो, कारण 1692 मध्ये तो वारला तेव्हा त्याच्यामागे जमात होती आणि तिच्या पायाखाली जमीन होती.

ती जमीनही पुढे कुरतडली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात राज्याने बराचसा भाग विकून टाकला आणि दोनशेच्या आसपास एकर उरले. विसाव्या शतकात एलिझाबेथ जॉर्ज आणि तिची सावत्र बहीण मार्था एलल तिथे ठाण मांडून बसल्या. जागा रिकामी दिसली तर जाईल, हे त्या ओळखून होत्या. एलिझाबेथ 1973 मध्ये गेली. तिच्या नातवाच्या पुढाकाराने खटला उभा राहिला. 18 ऑक्टोबर 1983 ला अमेरिकेने या जमातीला कायद्याने मान्यता दिली आणि त्या कायद्याच्या शीर्षकातच 'मॅशनटकेट पीक्वॉट' हे शब्द आहेत. 1998 मध्ये त्यांनी स्वतःचं भलंमोठं संग्रहालय उघडलं. मिस्टिकच्या जागेवर 1889 पासून उभा असलेला मेसनचा पुतळा त्याआधी दोन वर्षं तिथून उचलून विंडसर गावी नेण्यात आला होता.

नदीचं नाव मात्र आजही टेम्सच आहे. फक्त तिथले लोक त्याचा उच्चार 'थेम्स' असा करतात.