पायी चालणाऱ्याचाही हक्क आहे!

कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे १९५० साली बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. १४ एप्रिलला आपण लेकराबाळांसह तिथे पायी जातो आणि त्या दिवशी गाड्या आपल्यासाठी थांबतात. एरवी कोण थांबतो?

शिरोली आणि गोकुळ शिरगाव या दोन्ही औद्योगिक वसाहती पुणे-बंगळूर महामार्गाला लागून आहेत. शिफ्ट सुटली की कामगार हातात डबा घेऊन हाच रस्ता ओलांडतात. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच तेवढे अंतर संपते. म्हणून पदपथ नसेल तिथे समोरची वाहने दिसतील अशा उजव्या कडेने चालावे आणि रात्रपाळीला फिकट रंगाचा सदरा घालावा, हे घरोघरी सांगायलाच हवे.

पण मेल्यावरही दोष चालणाऱ्याच्याच माथी, हे आम्हाला मान्य नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. एवढी सगळी बेसावध होती काय? घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात पदपथावरून चालण्याचा हक्कही येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. आपल्याला ही लढाई नवी नाही. केरळातल्या वायकोमला १९२४ साली देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालता यावे एवढ्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता.

आता घरच्या बाईमाणसांनीही नीट वाचावे अशी गोष्ट. धडक देऊन गाडी पळाली, नंबर कुणी पाहिला नाही, की "आता कुणाकडे मागायचे?" म्हणून माणसे गप्प बसतात. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत अशा अपघातात मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास जखमीला ५० हजार रुपये मिळतात. २०२२ मध्ये पळून गेलेल्या वाहनांच्या धडकेत ३०,४८६ माणसे मेली. आणि २०२२-२३ मध्ये साऱ्या देशातून या योजनेसाठी अर्ज आले अवघे २०५! जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ही दैना नोंदवली आणि वाहन सापडत नसेल तर पोलिसांनी कुटुंबाला योजनेची माहिती द्यावी, असा आदेश दिला.

अपघात ज्या तालुक्यात झाला तिथल्या प्रांत किंवा तहसील कचेरीत अर्ज द्यायचा. सोबत एफआयआरची प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल, ओळखीचे पुरावे आणि बँकेचे पासबुक लागते. दुःखाच्या घरात हे कागद कोण गोळा करणार? जलदान विधीला जमलेल्यांपैकी एकाने तरी घरच्यांबरोबर कचेरीत जावे.

गाडी सापडली तर दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात जातो. तो सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. वकिलाच्या फीची धास्ती असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जातीची माणसे आणि कारखान्यातले कामगार यांना १९८७ च्या कायद्याने तिथे वकील मोफत मिळतो.