जोडहोडी पाण्यावरून घसरते काय?

वेगाने चाललेली प्रत्येक शिडाची होडी पाण्यावरून ‘घसरत’ असते, असा एक समज आहे. दोन किंवा तीन अंगांच्या होड्या, म्हणजे जोडहोड्या, इतर होड्यांना सहज मागे टाकतात, तेव्हा त्याचेही कारण हेच सांगितले जाते. ते बहुधा खरे नसते.

घसरणे म्हणजे काय हे आपल्या बोरी नदीच्या काठावरची मुले जाणतात. चपटा दगड जोराने आडवा फेकला, तर तो पाण्यावर टप्पे घेत जातो. हळू फेकला तर बुडतो. वेगामुळे पाणी त्याला खालून उचलून धरते. होडीचेही तसेच.

पण त्यापूर्वी एक अडसर पार करावा लागतो. होडी चालू लागली की तिच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, लाट उठते. वेग वाढतो तशी ही लाट लांब होते, आणि ती होडीइतकी लांब झाली की होडी आपल्याच लाटेच्या खळग्यात सापडते. हा वेग काढणे सोपे आहे. होडीच्या मीटरमधील लांबीचे वर्गमूळ घेऊन त्याला सव्वाने गुणावे. सेकंदाला तितके मीटर. ४ मीटरच्या होडीला हा वेग ताशी ९ किलोमीटर पडतो, १६ मीटरच्या नौकेला १८.

यातून सुटण्याचे मार्ग दोन. होडी हलकी, तिचे बूड मागे सपाट व रुंद असेल, आणि वारा भरपूर असेल, तर ती लाटेवर चढून घसरू लागते. १९६२ साली पीटर मिल्न यांनी आखलेली ‘फायरबॉल’ ही अशीच सपाट बुडाची होडी. १९८२ च्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या समुद्रावर फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी याच वर्गात सुवर्णपदक मिळवले.

दुसरा मार्ग जोडहोडीचा. तिचे प्रत्येक अंग इतके अरुंद असते, रुंदीच्या दहापट किंवा अधिक लांब, की नाव घेण्याजोगी लाट उठतच नाही. मग चढायचे कशावर? असे एकच अंग पाण्यात सोडले तर तत्काळ कलंडेल. म्हणून दोन अंगे अंतर राखून बांधतात. १८७६ साली नाथानिएल हेरेशॉफ यांच्या ‘अ‍ॅमरिलिस’ने न्यूयॉर्कच्या शर्यतीत इतरांना मागे टाकले ते याच गुणावर, त्यावर तक्रार होऊन ती बाद ठरली, ही गोष्ट वेगळी.

जोडहोडी घसरूच शकत नाही, असे मात्र नव्हे. मागचे बूड सपाट केले आणि वजन कमी ठेवले, तर ती अंशतः उचलली जाते. पण सपाट बुडाला पाण्याचे घर्षण अधिक, त्यामुळे मंद वाऱ्यात ती रेंगाळते. २०१३ च्या अमेरिका चषकातील ७२ फुटी जोडहोड्या पूर्णपणे पाण्याबाहेर उचलल्या गेल्या, पण त्या पाण्याखालच्या पंखांवर. बुडावर घसरून नव्हे.

आपल्या कोकणातल्या होडीला बाजूने बांधलेली उलांडी पाहून कोणी तिला वेगाची युक्ती समजू नये. ते तोल सावरणारे लाकूड आहे, आणि मासळी व जाळी घेऊन परतणाऱ्याला तोलच हवा असतो. अरुंद जोडहोडीत तेवढे ओझे घातले, तर अंगे खोल बुडतात, लाट पुन्हा उठते, आणि आडव्या तुळयांवर पाणी आपटू लागते. शिवाय जड कण्याची एकअंगी नौका उलटली तर बहुधा पुन्हा सरळ होते. मोठी जोडहोडी एकदा पालथी झाली की तशीच पालथी राहते.