खपली, शरबती आणि पस्तीस गुणसूत्रे

बेळगावच्या घरात हुग्गीला खपली लागते, इंदूरकडे बाफल्याला कठिया, आणि रोजच्या पोळीला शरबती. आपण या सर्वांना गहूच म्हणतो. पण पेशीत पाहिले तर त्यांची घराणी दोन आहेत. खपली व कठिया यांच्या पेशीत २८ गुणसूत्रे असतात, पोळीच्या गव्हात ४२. जपानी शास्त्रज्ञ साकामुरा यांनी १९१८ मध्ये ही मोजणी मांडली. वरची १४ गुणसूत्रे एका रानगवताकडून आलेली आहेत, हे पुढे सिद्ध झाले.

आता या दोन घराण्यांची सोयरीक केली तर काय होईल? खपलीच्या परागातून १४ गुणसूत्रे येतील, पोळीच्या गव्हाच्या बीजांडातून २१. संकराच्या वाट्याला ३५. रोप वाढते, ओंबी धरते. अडचण उभी राहते ती फुलात, नवे पराग आणि बीजांडे घडताना. त्या वेळी प्रत्येक गुणसूत्र आपला जोडीदार गाठते आणि मग दोघे दोन बाजूंना जातात. इथे १४ जोड्या जमतात. रानगवताकडून आलेली ७ मात्र एकटीच राहतात. ती कधी या बाजूला जातात, कधी त्या, तर कधी मधेच राहून नाहीशी होतात. म्हणून कोणत्या परागात १४ गुणसूत्रे, कोणत्यात १७, तर कोणत्यात २०. हिशेब असा बिघडला की बरेच दाणे भरत नाहीत.

मग हा खटाटोप कशासाठी? कारण ज्या १४ जोड्या जमतात, त्यांतील जोडीदार आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. त्या वाटेने खपलीच्या कुळातला गुण पोळीच्या गव्हात उतरू शकतो. संकराचा पोळीच्या गव्हाशी पुन्हा पुन्हा संकर करून निवड करत गेले, की ४२ चा आकडा पूर्ववत होतो आणि घेतलेला गुण टिकतो.

अमेरिकेत मॅकफॅडन यांनी खपलीच्याच जातीच्या ‘यारोस्लाव्ह’ गव्हाचा ‘मार्क्विस’शी संकर केला आणि खोडावरच्या तांबेऱ्याला दाद न देणारे ‘होप’ हे वाण मिळवले. ती देणगी पुढे बोरलॉग यांच्या मेक्सिकन गव्हांत आणि त्यांच्यातून आपल्याकडच्या बुटक्या वाणांतही आली.

तेव्हा वाचकहो, उतारा कमी आणि कांडायचा त्रास म्हणून खपली सोडण्याआधी एवढे ध्यानात असू द्या: ते बियाणे केवळ हुग्गीपुरते नाही. तांबेऱ्याचे नवे रूप आले, तर उद्याच्या पोळीसाठी त्याच्याच दारात जावे लागेल.