पहिल्या वीस चाली

पाळीपाळीने खेळायच्या व्यूहखेळांबद्दल मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं, ते जवळजवळ सगळं लढायांचं असतं. कोणतं सैन्य कोणावर भारी पडतं, तोफा कधी हाती येतात, शेवटचा शत्रू कसा नमवायचा. माझा आग्रह वेगळा आहे, जुना आहे आणि तो मी सोडणार नाही: डाव पहिल्या वीस चालींत घडतो किंवा बिघडतो. नकाशा अंधारात असतो. हाताशी एक टेहळ्या आणि वसाहत करणाऱ्यांचा एक जथा, एवढंच. त्या वेळी पाणी कुठे आहे, चढ कुठे लागतो, पिकाऊ जमीन कुठे संपते हे ज्याने पाहून घेतलं त्याचं शहर पुढे अडत नाही. या आग्रहाचा दुसरा अर्धा भाग मात्र माझ्या बाजूचे लोकही विसरतात. गाव बसलं म्हणजे पाहणी संपली असं नव्हे. प्रत्येक नव्या पेठेसाठी जमीन पुन्हा पायाखाली घालावी लागते. संगणकावरच्या खेळांच्या कर्त्यांना हे उमगायला पंचवीस वर्षं लागली. सातारा आणि सांगली या दोन गावांच्या इतिहासात ते कधीपासून पाहायला मिळतं.

फ्रान्सिस ट्रेशॅमचा 'सिव्हिलायझेशन' हा पटावरचा खेळ १९८० चा. सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा त्याच नावाचा संगणकावरचा खेळ १९९१ चा. त्यात शहराला स्वतःचा चौकोन धरून २१ चौकोन कसता येत आणि नवा जथा बाहेर काढला की शहराची लोकसंख्या एकाने घटे, म्हणून चुकलेली जागा दुप्पट महाग पडे. १९९६, २००१ आणि २००५ च्या आवृत्त्यांत मुत्सद्देगिरी, संस्कृती, धर्म असं बरंच आलं. गोड्या पाण्याचा थोडा विचार २००१ आणि २००५ च्या आवृत्त्यांत झाला, बाकी जमिनीच्या बाबतीत त्यांच्याकडे सांगण्यासारखं कमी. २०१० ला चौकोन जाऊन षटकोन आले. खरी उडी २०१६ च्या सहाव्या आवृत्तीची. त्यात नदी-तळ्याजवळच्या नव्या शहराला ५ घरांची क्षमता मिळते, समुद्रकाठी ३, आणि पाण्यावाचूनच्या शहराला फक्त २. शिवाय बाजार, विद्यापीठ, कारखाने यांना शहराबाहेर स्वतंत्र षटकोन द्यावे लागतात, म्हणजे शंभर चालींनंतर लागणारी जागा आजच राखून ठेवावी लागते. नगररचनेचा इतका गंभीर विचार त्याआधी या मालिकेत कोणी केला नव्हता.

पहिल्याच चालीला जथा उभा असेल तिथे शहर ठोकावं, असं मानणारा एक मोठा पंथ आहे. वाया गेलेली प्रत्येक चाल चक्रवाढीने अंगावर येते, हे त्यांचं गणित चूक नाही, अपुरं आहे. पूर्ण डाव ५०० चालींचा. त्यात पाणी शोधण्यात गेलेल्या दोन चाली म्हणजे काहीच नव्हे, आणि कोरड्या जागी बसलेलं शहर मात्र लवकरच वाढायचं थांबतं. जथा मुळातच नदीकाठी असेल तर तिथेच बसावं, याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार न पाहता बसण्याबद्दल आहे. आपल्याकडे १७१५ च्या सुमाराचं 'आज्ञापत्र' गड बांधण्याआधी पाणी पाहायला सांगतं, नसेल तर खडक फोडून टाकी खोदायला सांगतं, एकाच झऱ्यावर विसंबू नका असंही बजावतं. हा या विषयावरचा आपला अजूनही सर्वांत नेमका मजकूर आहे.

साताऱ्याचं उदाहरण माझ्या विरोधकांनी द्यायला हवं, कारण वरवर पाहता ते त्यांच्या बाजूचं आहे. कृष्णा-वेण्णेचा संगम माहुलीला, गावापासून चार-पाच किलोमीटरवर. पाणी हीच एक कसोटी असती तर राजधानी माहुलीलाच व्हायची. पण १७०८ च्या जानेवारीत शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक झाला तेव्हा ताराबाईंशी झगडा चालू होता, आणि अजिंक्यताऱ्याचा गड औरंगजेबाने १७०० साली कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतरच घेतला होता. संरक्षणासाठी गडाचा पायथा निवडला गेला, आणि ती निवड योग्य होती. महत्त्वाचं आहे ते त्यानंतरचं. नदी सोडली याची किंमत काय, हे बसवणाऱ्यांना ठाऊक होतं. यवतेश्वराच्या डोंगराकडचं पाणी खाली आणलं गेलं. मंगळवार तळं, मोती तळं, फुटका तळाव अशी तळी वस्तीत राखली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कासच्या पठारावरचं पाणी कुठलाही पंप न लावता केवळ उताराने शहरात आलं. सहाव्या आवृत्तीत जलवाहिनी बांधायची तर तिची एक बाजू शहराला आणि दुसरी नदी, तळं किंवा डोंगराला लागलेली असावी लागते. हा नियम प्रथम वाचताना कृत्रिम वाटतो. यवतेश्वर, कास आणि शहरातली शनिवार पेठ एका रेषेत डोळ्यांसमोर आणली की तो कृत्रिम वाटत नाही. कासचं पाणी येण्याआधीच प्रतापसिंह महाराजांनी रुंद रस्ते आखले, पेठा वाढवल्या, त्याही पाणी कुठवर पोहोचतं हे धरून.

त्याच मुलखातली आणखी तीन गावं ओझरती सांगतो. महाबळेश्वरच्या माथ्यावर १८२४ साली साताऱ्याचा लष्करी अधिकारी पीटर लॉडविक चढून गेला आणि गव्हर्नर माल्कम यांच्या नावाची पेठ त्यानंतर चार-पाच वर्षांनी बसली. टेहळणी आधी, वस्ती मग. पाचगणीला जॉन चेसन यांनी १८५० च्या दशकात तेच केलं. किर्लोस्करवाडीची गोष्ट उलट्या दिशेची आहे. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या संस्थानिकांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला. निवडुंग आणि सापांचं रान, पाण्याची ददात. पण रूळ शेजारी होते, आणि लोखंडी नांगर करणाऱ्याला लागणारा कच्चा माल त्या रुळांवरूनच येणार होता. वाईट जमीनही नीट पाहून घेतली तर चालते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

सांगलीवर मात्र थांबायलाच हवं. १८०१ च्या सुमारास चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेच्या चुलत्यांपासून वेगळे झाले आणि कृष्णेच्या काठी त्यांनी राजधानी केली. मागे काळी जमीन, समोर नदी, खाली हरिपूरला वारणेचा संगम. हरिपूरच्या जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद ठेवत. तोंड बंद केलं की आत हवा नाही, कीड नाही, माल वर्षानुवर्षं टिके. पेवासाठी पाणी न झिरपणारी घट्ट जमीन लागते, ती नेमकी कुठे आहे हे शोधणारा जो कोणी होता, त्याची टेहळणी मी कुठल्याही सेनापतीच्या टेहळणीच्या बरोबरीने मोजतो. सांगलीची हळदपेठ त्या शोधावर उभी राहिली.

आक्षेप ठरलेला आहे: मग पुराचं काय? सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोका पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्याही वर, २०२१ ला पुन्हा ५५ च्या आसपास. २००५ ला हरिपूरच्या कित्येक पेवांतही पाणी शिरलं. म्हणजे जागाच चुकली, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते मान्य नाही. २०१९ च्याच फेब्रुवारीत सहाव्या आवृत्तीला जी पुरवणी आली तिने पूरमैदान हा प्रकार खेळात नीट आणला: तिथे पूर येतो, बांधकाम मोडतं, आणि गाळाने जमीन आधीपेक्षा जास्त पिकते. अशी जागा सोडायची नसते. तिथे शेत ठेवायचं आणि वस्ती वर न्यायची. विलिंग्डन कॉलेज १९१९ साली मिरजेच्या वाटेवर विश्रामबागेला उंचावर निघालं, तेव्हा ही समज गावात होती. पुढे ती सुटली. कर्नाळ रस्ता, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर ही नावं प्रत्येक पुरात पहिल्या दिवशी ऐकू येतात. पुराचा दोष कोणी अलमट्टी धरणाला देतं, कोणी कोयना धरणाच्या विसर्गाला. तो वाद जाणकारांनी जरूर चालवावा. पण पाणी कुठूनही आलं तरी आधी शिरतं त्याच सखल भागांत, आणि तिथे प्लॉट पाडले ते चिंतामणरावांनी नव्हे.

खेळात चूक झाली तर डाव मोडून नवा मांडता येतो, गावाचं तसं नाही, असं मला सांगितलं जातं. अगदी बरोबर, आणि माझं दुःख तेच आहे. आजचे तरुण खेळाडू टेहळ्या दहा पावलं चालवण्याऐवजी चांगला नकाशा मिळेपर्यंत डाव पुन्हा पुन्हा सुरू करतात. आहे त्या जमिनीतून वाट काढण्याचं कौशल्यच त्यातून संपत चाललं आहे. गावं वाढवतानाही जमीन न पाहताच काम चालतं: विकास आराखडे टेबलावर रंगवले जातात, निळी आणि लाल पूररेषा कागदावर राहते, नाल्याचं पात्र भरून त्यावर इमारत उठते. सांगलीत पावसाळ्यात लोक एकमेकांना 'आयर्विनला किती फूट झालं?' असं विचारतात, आणि आपल्या दारात किती फुटांना पाणी लागतं हे जुन्या घरांना तोंडपाठ असतं. हे ज्ञान कुठल्याही सर्वेक्षणाच्या तोडीचं आहे. ते फक्त घर घेणाऱ्या नव्या माणसाला कोणी सांगत नाही. विक्रीच्या कागदावर प्लॉट नंबराशेजारी तो फुटांचा आकडा लिहिणं सक्तीचं व्हावं, ही मागणी मी या अंकातून करतो आहे आणि मान्य होईपर्यंत पुढच्या अंकांतूनही करणार आहे.