वाढत्या मुलीसाठी घरातला कोपरा
भोसरी, निगडी, चाकणच्या चाळींत अनेक कामगार कुटुंबे १० बाय १०च्या एकाच खोलीत राहतात. ‘मुलीला वेगळी खोली कुठून द्यायची?’ असे आयाबाया विचारतात. आम्ही सांगतो, निदान एक कोपरा तिच्या नावाचा करा.

भिंतीलगत दोरी बांधून जुन्या साडीचा पडदा लावा. कपडे बदलायला आडोसा होतो. कडी लागणारी एक पेटी तिला द्या. पाळीचे कापड, पॅड त्यात राहतील. कापड लपवून दमट जागी वाळवले तर खाज, जंतुसंसर्ग होऊ शकतो. साबणाने धुऊन ते उन्हातच वाळवा. मात्र पाळीत तिला बाजूला बसवण्यासाठी हा पडदा नाही.

१३ ते १८ वर्षांच्या मुलीला रोज ८ ते १० तास झोप हवी. वडील सेकंड शिफ्टहून मध्यरात्री आले की मोठा दिवा, टीव्ही लागतो आणि तिची झोप मोडते. त्यांचे ताट आधीच वाढून झाका, छोटा दिवा लावा.

अभ्यासाला उजेड पुरेसा हवा, वहीवर हाताची सावली पडू नये. आणि अभ्यासाच्या वेळी पाणी भरायला तिलाच उठवू नका. भावालाही हात आहेत.