थंडीतली परसबाग : आधी पाकीट वाचा

धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी १० अंशांच्याही खाली उतरतो. पालेभाज्यांना हा गारवा मानवतो. मिरची-टोमॅटोचं बी मात्र उगवायला वेळ लावतं.

• लेबल : निळं प्रमाणित बियाण्याचं, पांढरं पायाभूत, तर हिरवट ‘सत्यप्रत’ बियाण्याचं.

• तारीख : चाचणीची तारीख आणि वैधता दोन्ही पाहा.

• उगवण : किमान प्रमाण मेथी-मुळ्याला ७०, कोथिंबिरीला ६५, गाजराला ६० टक्के. त्या हिशेबानं बी जरा जास्तच टाका.

• एफ-१ : हे संकरित बियाणं. त्याचं बी पुढच्या वर्षी धरू नका, वाण टिकत नाही.

• पेरणी : धणे रगडून दोन फाकी करूनच टाका. मुळा-गाजर जागेवरच पेरा, रोपं उपटून लावली की मुळं फाटतात. मेथी महिन्याभरात काढणीला येते. आठवड्याच्या अंतरानं वाफे पेरले तर भाजी खंडत नाही.

• भरीताचं वांगं : जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लागवड पावसाळ्यात, भरीत हिवाळ्यात. देशी वाण असेल तर एक निरोगी फळ झाडावरच पिवळं होऊ द्या. बी धुऊन सावलीत वाळवा आणि राखेत घोळून डब्यात ठेवा.