बाग हा पुरावा धरायचा का?

इंग्लंडमधल्या रटलंडची बार्न्सडेल बाग घ्या. बीबीसीच्या ‘गार्डनर्स वर्ल्ड’चे जेफ हॅमिल्टन याच बागेतून कार्यक्रम करायचे. १९९६ मध्ये ते गेले. १९९७ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली. आत ३८ छोट्या बागा आहेत. त्यातल्या कित्येक मुळात कॅमेऱ्यासाठीच केलेल्या, ‘हे तुमच्याही परसात जमेल’ असं दाखवायला.

आता समजा, तुम्हाला त्या काळच्या परसबागांवर लिहायचंय. तिथे जाऊन फोटो काढले की झालं? नाही ना! झाडं वाढतात, मरतात, नवी लावली जातात. मग जुनं चित्रीकरण बघा. पण त्यात चौकटीबाहेरचं काहीच दिसत नाही. मी तर दोन्ही शेजारी ठेवून फरक टिपत बसेन. एखादी वाट आता रुंद दिसली, तर विचारा: ही माळ्यासाठी, की तिकीट काढून येणाऱ्यांसाठी?